‘पटलं नाही’ हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं

सहकाऱ्याने पाठवलेला प्रस्ताव तुम्ही वाचलात, आकडे तपासलेत, आणि तरीही पटलं नाही. उत्तरात तुम्ही लिहिता, ‘आय हॅव अ डाउट.’ भारतीय इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे विचारायचा प्रश्न, त्यामुळे समोरचा तुमच्या प्रश्नाची वाट बघत बसतो. तुम्ही त्याच्या स्पष्टीकरणाची वाट बघता. दोन दिवस असेच जातात. तुम्ही सगळं वाचून ते नाकारलंय हे त्या वाक्यातून कुणापर्यंत पोचतच नाही.

मराठीत ‘पटलं नाही’ या दोन शब्दांवर आपलं भागतं. इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं: कुणी पटवून द्यायचा प्रयत्न केलाय आणि तो फसलाय? की मुद्दा अजून मांडलाच गेलेला नाही, पण तुमचा कल आधीपासूनच नकाराकडे आहे? की गोष्ट घडेल असं वाटत नाही? की समोरच्याच्या हेतूबद्दलच शंका आहे? या चारही जागी शब्द वेगवेगळे लागतात. शब्दकोशात त्या सगळ्यांपुढे ‘साशंक’ लिहिलेलं असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी कर्ता सरळ करा

‘तुमचं म्हणणं मला पटलं नाही’ या वाक्यात कर्ता ‘म्हणणं’ आहे, आणि ज्याला पटलं नाही तो माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. हीच रचना उचलून इंग्रजीत ठेवली की ‘युअर पॉइंट इज नॉट कन्व्हिन्स्ड टु मी’ असं वाक्य तयार होतं. ते चूक आहे, कारण मुद्द्याला काही पटत नसतं, पटतं ते माणसाला.

इंग्रजीत दोन रस्ते आहेत. माणूस कर्ता असेल तर शेवटी ‘ड’ येतो: ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड बाय युअर पॉइंट.’ गोष्ट कर्ता असेल तर शेवटी ‘इंग’ येतो: ‘युअर पॉइंट इज अनकन्व्हिन्सिंग.’ पहिल्यात तुम्ही स्वतःच्या मनाची अवस्था सांगता, दुसऱ्यात समोरच्याच्या मुद्द्यावर शेरा मारता. म्हणून पहिलं वाक्य ऐकायला सौम्य वाटतं, दुसरं टोचतं. रोजच्या पत्रव्यवहारात पहिलंच वापरावं.

अदलाबदल झाली तर अर्थ भलतीकडे जातो. ‘आय ॲम अनकन्व्हिन्सिंग’ म्हणजे ‘माझं बोलणं लोकांच्या गळी उतरत नाही’. नोकरीच्या अर्जात हे वाक्य गेलं तर अर्ज लिहिणाऱ्याने खरं तेच सांगितलं म्हणायचं!

अनकन्व्हिन्स्ड: ऐकून घेतलं, तरी नाही

या शब्दात एक गोष्ट गृहीत असते. कुणीतरी पुरावा दिलाय, युक्तिवाद केलाय, आणि तुम्ही तो ऐकलाय. ‘कन्व्हिन्स’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘जिंकणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. वादात जो जिंकला गेला तो कन्व्हिन्स्ड, जो गेला नाही तो अनकन्व्हिन्स्ड. म्हणजे आधी सामना व्हायला हवा. आकाशाकडे बघून ‘आय ॲम अनकन्व्हिन्स्ड दॅट इट विल रेन’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी पावसाच्या बाजूने भांडत होतं. तिथे ‘आय डाउट इट विल रेन’ पुरतं.

पुढे कोणता जोडशब्द घ्यायचा ते कशाबद्दल बोलताय यावर ठरतं. पुरावा किंवा युक्तिवाद असेल तर ‘बाय’: ‘अनकन्व्हिन्स्ड बाय द फिगर्स’. एखादी गरज, उपयोग, फायदा असेल तर ‘ऑफ’: ‘अनकन्व्हिन्स्ड ऑफ द नीड फॉर अ सेकंड टेस्ट’. आणि पूर्ण विधान असेल तर ‘दॅट’: ‘अनकन्व्हिन्स्ड दॅट अ सेकंड टेस्ट इज नेसेसरी’. ‘अबाउट’ही वाचायला मिळतो, पण तो ढिला आहे. या तिघांतला एखादा बसत असेल तर तोच घ्यावा. ‘विथ’ कधीच नको. ‘नॉट सॅटिस्फाइड विथ’च्या सवयीने तो इथे शिरतो.

या विशेषणाचं ज्या क्रियापदाशी सर्वांत जमतं ते ‘रिमेन’. ‘आय रिमेन अनकन्व्हिन्स्ड’ म्हणजे तुम्ही इतकं सांगितलंत, तरी मी होतो तिथेच आहे. ‘रिमेन’नंतर विशेषण थेट येतं, मध्ये ‘बीइंग’ लागत नाही. आणि ‘आय ॲम रिमेनिंग अनकन्व्हिन्स्ड’ असं चालू वर्तमानकाळात लिहू नये. मराठीतल्या ‘राहतोय’चा मोह होतो, पण ही स्थिती आहे, घडत असलेली क्रिया नव्हे. ‘आय स्टिल रिमेन’मधला ‘स्टिल’ही काढून टाका, ‘रिमेन’मध्ये ‘अजूनही’ आलेलंच आहे.

इथे एक बारीक फरक आहे, आणि तो कामाचा आहे. ‘आय रिमेन अनकन्व्हिन्स्ड’ आणि ‘आय रिमेन टु बी कन्व्हिन्स्ड’ ही वाक्यं दिसायला सख्खी भावंडं वाटतात. पहिल्याचा सूर ‘नाही पटलं, विषय जवळपास संपला’ असा असतो. दुसऱ्याचा सूर ‘अजून पटायचंय, पुढे सांगा’ असा. ज्याच्याकडून आणखी माहिती हवी आहे त्याला दुसरं वाक्य लिहा. ‘आय हॅव येट टु बी कन्व्हिन्स्ड’ हेही त्याच जातीचं.

स्केप्टिकल: साशंक, पण तपासायला तयार

‘स्केप्टिकल’ला आधी वाद व्हायची गरज नाही. प्रस्तावाचं फक्त शीर्षक वाचूनही माणूस स्केप्टिकल असू शकतो, आणि सगळं ऐकल्यावरही. हा क्षणाचा निकाल नसून मनाचा कल आहे. म्हणूनच तो स्वभावालाही लागतो: ‘अ स्केप्टिकल रीडर’ म्हणजे जे समोर येईल ते तपासून घेणारा वाचक. ‘ॲन अनकन्व्हिन्स्ड रीडर’ म्हणजे एका विशिष्ट मजकुराने ज्याचं समाधान झालं नाही असा वाचक.

शब्दाचं मूळ ग्रीक आहे, आणि तिथे अर्थ आहे नीट बघणे, पारखणे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या पिरोपासून सुरू झालेल्या परंपरेतले तत्त्वज्ञ स्वतःला या नावाने ओळखत; सेक्स्टस एम्पिरिकसच्या लेखनातून त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं. निकाल राखून ठेवणं हा त्यांचा मार्ग होता, ठाम नकार देणं नव्हे. ती छटा आजच्या शब्दातही शिल्लक आहे. म्हणून ज्याने कायमचं ‘नाही’ ठरवून टाकलंय, पुरावा बघायलाच जो तयार नाही, त्याला स्केप्टिकल म्हणणं म्हणजे त्याचा उगाच मान वाढवणं.

जोडशब्द ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’. दोन्ही बरोबर आहेत, फरक केसाइतका. दावा, आकडा, आश्वासन असेल तेव्हा ‘ऑफ’ जास्त सहज येतो: ‘स्केप्टिकल ऑफ द क्लेम’. योजना, भवितव्य, यशाची शक्यता असेल तर ‘अबाउट’: ‘स्केप्टिकल अबाउट द प्लॅन’. पूर्ण विधानासाठी इथेही ‘दॅट’: ‘आय ॲम स्केप्टिकल दॅट द वर्क विल फिनिश ऑन टाइम.’ मराठीत आपण योजने‘वर’ शंका घेतो, म्हणून ‘स्केप्टिकल ऑन द प्लॅन’ लिहिलं जातं. ते चूक. ‘स्केप्टिकल टु’ आणि ‘स्केप्टिकल फॉर’ही चूक. ‘बाय’ही इथे येत नाही, तो ‘अनकन्व्हिन्स्ड’चा.

‘ऑफ’च्या पुढे काय ठेवताय याकडे लक्ष द्या. ‘आय ॲम स्केप्टिकल ऑफ द फिगर्स’ हे कामाचं बोलणं झालं. ‘आय ॲम स्केप्टिकल ऑफ यू’ म्हणजे तुमच्यावर माझा विश्वास नाही. कामाच्या पत्रात ‘ऑफ’नंतर माणूस येऊ देऊ नये, त्याचा आकडा, त्याची पद्धत, त्याचा निष्कर्ष येऊ द्यावा.

स्पेलिंगचा प्रश्न इथेच उरकून टाकू. अमेरिकेत ‘एस’नंतर ‘के’, ब्रिटनमध्ये ‘एस’नंतर ‘सी’. भारतात आणि ऑस्ट्रेलियात सहसा ब्रिटिश पद्धत, कॅनडात बहुधा ‘के’. उच्चार दोन्हीकडे ‘स्के’च. दोन्ही स्पेलिंग बरोबर आहेत, पण एका मजकुरात एकच. ‘कलर’मध्ये ‘यू’ लिहीत असाल तर इथे ‘सी’ लिहा. आधी संगणकावर मजकुराची भाषा ब्रिटिश की अमेरिकन ते निवडून ठेवा, नाहीतर स्पेलिंग तपासणारी यंत्रणा बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढते आणि माणूस बरोबर असलेलं बिघडवून बसतो. ‘सी’वाल्या स्पेलिंगमध्ये खरा धोका ‘सी’ गळून पडण्याचा आहे. ‘स्केप्टिक’मधला ‘सी’ गळला की ‘सेप्टिक’ उरतं, म्हणजे चिघळलेली जखम किंवा मैल्याची टाकी. शब्द खरा असल्यामुळे लाल रेघ येत नाही.

डाउट आणि सस्पेक्ट: सगळ्यात मोठा खड्डा

विशेषणाचा विषय असला तरी इथे क्रियापदापाशी थांबावं लागतं, कारण मराठी लिहिणाऱ्याची सगळ्यात महागडी चूक इथे होते.

‘मला शंका आहे, तो आजारी आहे.’ मराठीत हे वाक्य बहुतेक वेळा ‘तो आजारी असावा’ या अर्थाने येतं. शब्दशः इंग्रजीत नेलं की होतं ‘आय डाउट ही इज इल’. आणि त्याचा अर्थ नेमका उलटा: तो आजारी आहे असं मला वाटत नाही, बहाणा करतोय. तुम्ही काळजी व्यक्त करायला गेलात आणि आरोप करून आलात. हवं होतं ते ‘आय सस्पेक्ट ही इज इल’.

नियम छोटा आहे. पुढचं विधान खरं असावं असं वाटत असेल तर ‘सस्पेक्ट’. खोटं असावं असं वाटत असेल तर ‘डाउट’. ‘आय सस्पेक्ट द व्हॉल्व्ह इज लीकिंग’ लिहिलं तर दुरुस्तीवाला व्हॉल्व्ह उघडतो. ‘आय डाउट द व्हॉल्व्ह इज लीकिंग’ लिहिलं तर तो व्हॉल्व्ह सोडून बाकी सगळं उघडतो. लिहून झाल्यावर ‘डाउट’च्या जागी मनातल्या मनात ‘मला वाटत नाही की’ वाचून बघा. अर्थ उलटा झाला तर शब्द बदला.

विशेषणं याच वळणावर जातात. ‘आय ॲम डाउटफुल दॅट द व्हॉल्व्ह इज लीकिंग’ म्हणजे गळत नसावा. ‘डाउटफुल’नंतर ‘व्हेदर’ही चालतो, आणि ‘इट इज डाउटफुल व्हेदर’ ही रचना अहवालात फार सोयीची, कारण तिथे ‘मी’ यावा लागत नाही: ‘इट इज डाउटफुल व्हेदर द रिपेअर विल लास्ट.’ नकार आला की मात्र ‘व्हेदर’ नको: ‘आय डू नॉट डाउट दॅट शी इज राइट.’ ‘डाउट’च्या उच्चारात ‘बी’ नाही, लिहिताना मात्र तो विसरायचा नाही. तो पूर्वी फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दात नव्हताच. लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घुसवला.

‘स्केप्टिकल’ आणि ‘डाउटफुल’ यांत फरक काय? ‘डाउटफुल’ शक्यतेबद्दल बोलतो, ‘स्केप्टिकल’ दाव्याबद्दल. कुणी काही दावा केलेला नसताना ‘डाउटफुल’ बसतो. खेळाच्या बातम्यांत ‘ही इज डाउटफुल फॉर द फायनल’ वाचलंत तर तो खेळाडू शंकेखोर नाही. दुखापतीमुळे अंतिम सामन्यात तो उतरेल की नाही याची खात्री नाही, एवढंच.

दोन्हीकडून वाचता येणारे शब्द

मराठी इथे इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. संशय घेणारा तो ‘संशयी’, ज्याचा संशय यावा तो ‘संशयास्पद’. आपल्याकडे दोघांची गल्लत होत नाही. इंग्रजीतल्या ‘सस्पिशस’ आणि ‘ड्युबिअस’ या दोन्ही शब्दांत मात्र हे दोन अर्थ एकाच घरात राहतात.

‘अ ड्युबिअस मॅनेजर’ लिहिलं की वाचणाऱ्याला दिसतो तो काळंबेरं करणारा व्यवस्थापक. तुम्हाला म्हणायचं होतं की व्यवस्थापकाला योजना पटलेली नव्हती. नामाच्या आधी आलेला ‘ड्युबिअस’ जवळपास नेहमीच ‘संशयास्पद’ असतो: ‘ड्युबिअस क्लेम’, ‘ड्युबिअस मेथड्स’. माणसाची साशंकता सांगायची तर शब्द क्रियापदानंतर न्या आणि पुढे ‘अबाउट’ जोडा: ‘द मॅनेजर वॉज ड्युबिअस अबाउट द प्लॅन.’ आता दिशा स्पष्ट झाली. नामाच्या आधीच हवा असेल तर ‘अ स्केप्टिकल मॅनेजर’. या शब्दाला एकच दिशा आहे, आणि गोंधळ टाळायचा असेल तेव्हा तोच हाताशी ठेवावा. ‘ड्युबिअस’च्या लॅटिन मुळात ‘दोन’ लपलेले आहेत, जसे आपल्या ‘द्विधा’त आहेत, मन दोन वाटांवर उभं आहे एवढं लक्षात राहिलं की ‘डी-यू-बी’ हे स्पेलिंगही सहसा चुकत नाही.

‘सस्पिशस’चंही तसंच. ‘अ सस्पिशस नेबर’ हा शेजारी खिडकीतून सगळ्यांवर नजर ठेवतो, की सगळ्यांनी त्याच्यावर नजर ठेवावी असा आहे? वाक्यावरून कळत नाही. ‘सस्पिशस ऑफ’ लिहिलं की तो संशय घेणारा ठरतो. शिवाय या शब्दात गुन्ह्याचा, लपवाछपवीचा वास आहे. आकडेमोड चुकली असेल असं वाटतंय तर ‘स्केप्टिकल’. आकडे मुद्दाम फिरवलेत असं वाटतंय तर ‘सस्पिशस’. दुसरा शब्द लिहिण्याआधी तो लेखी राहणार आहे याचा विचार करा.

उरलेले झटपट. ‘इन्क्रेड्युलस’ म्हणजे ‘काय सांगता!’ असा चेहऱ्यावर उमटलेला अविश्वास. तो क्षणापुरता असतो, नजर, आवाज, हसू यांना लागतो, आणि तीन आठवडे चाललेल्या चर्चेनंतर कुणी इन्क्रेड्युलस राहत नाही. ‘इन्क्रेडिबल’शी गल्लत नको: बातमी इन्क्रेडिबल, ऐकणारा इन्क्रेड्युलस. ‘सिनिकल’ हेतूंबद्दल आहे, सगळे स्वार्थासाठीच करतात असं मानणारा. पुराव्याशी त्याचं देणंघेणं नाही. ‘वेअरी’ म्हणजे सावध, धोक्याबद्दल, खऱ्याखोट्याबद्दल नव्हे. त्याचं स्पेलिंग ‘डब्ल्यू-ए-आर-वाय’. मध्ये ‘ई’ घुसला तर ‘थकलेला’ होतो.

किती पटलं नाही, ते सांगताना

‘व्हेरी स्केप्टिकल’ चालतं, ‘डीपली’ आणि ‘हायली’ जास्त शोभतात, ‘समव्हॉट’ आणि ‘अ लिटल’ने धार कमी होते. ‘व्हेरी अनकन्व्हिन्स्ड’ मात्र कानाला खटकतं. तिथे ‘होलली’, ‘एन्टायरली’, ‘लार्जली’ घ्यावेत.

नकार कुठे ठेवता यावर अर्थ पालटतो, आणि इथे घाई नडते. ‘नॉट एन्टायरली कन्व्हिन्स्ड’ म्हणजे पूर्ण पटलेलं नाही, थोडंफार पटलंय. ‘एन्टायरली अनकन्व्हिन्स्ड’ म्हणजे अजिबात नाही. शब्द जवळपास तेच, अंतर जमीन-अस्मानाचं. त्यातही खोच अशी की ब्रिटिश वळणाच्या पत्रव्यवहारात ‘नॉट एन्टायरली कन्व्हिन्स्ड’ हे बऱ्याचदा सभ्यपणे दिलेला सपाट नकार असतो. तुम्हाला असं उत्तर आलं तर ‘थोडंच राहिलंय’ असं समजून पुढची तयारी करू नका. नेमकं काय पटलं नाही ते विचारून घ्या.

दुहेरी नकार टाळा. ‘आय ॲम स्केप्टिकल दॅट इट वोन्ट फेल’ हे वाचताना प्रत्येक जण मध्येच अडखळतो. साशंकता हा आधीच अर्धा नकार आहे, त्याच्या पोटात आणखी ‘नॉट’ घालू नये. ‘आय सस्पेक्ट इट विल फेल’ म्हटलं की काम झालं.

आणखी एक चूक औपचारिक अहवालांत हमखास सापडते. ‘अनकन्व्हिन्स्ड बाय द फिगर्स, द प्रपोझल वॉज रिजेक्टेड.’ वाक्य भारदस्त वाटतं, पण इंग्रजीच्या नियमाने स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो त्यालाच ते विशेषण चिकटतं. इथे तो कर्ता प्रस्ताव आहे, म्हणजे प्रस्तावालाच आकडे पटले नाहीत. स्वल्पविरामानंतर माणूस किंवा समिती आणा: ‘अनकन्व्हिन्स्ड बाय द फिगर्स, द कमिटी रिजेक्टेड द प्रपोझल.’

एक उत्तर, आधी आणि नंतर

हे उत्तर बघा. यातली एकेक ओळ रोज कुठे ना कुठे लिहिली जाते:

‘आय हॅव गॉन थ्रू द रिपोर्ट. आय ॲम हॅविंग डाउट्स ऑन इट. इट इज नॉट कन्व्हिन्स्ड टु मी. काइंडली रिव्हर्ट.’

चार वाक्यं, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच नाही. ‘डाउट्स ऑन’ म्हणजे प्रश्न की आक्षेप, ते कळत नाही. तिसऱ्या वाक्यात अहवालालाच पटलेलं नाही. ‘रिव्हर्ट’ भारताबाहेर बहुतेक ठिकाणी ‘पूर्वस्थितीला जा’ असा वाचला जातो, ‘उत्तर द्या’ असा नाही. आणि मुख्य म्हणजे कोणता भाग पटला नाही, का नाही, हे कुठेच नाही.

आता दुरुस्ती. सर्वांत आधी जे पटलंय ते लिहा, नसता वाचणारा सगळ्याच गोष्टींचा बचाव करत बसतो: ‘थँक यू फॉर द रिपोर्ट. आय ॲग्री दॅट द ओल्ड सर्व्हर इज टू स्लो.’

मग विशेषण, आणि त्याला लागूनच नेमका मुद्दा. ‘द रिपोर्ट’सारखा अख्खा डोंगर नको, एकच विधान हवं: ‘आय रिमेन अनकन्व्हिन्स्ड, हाउएव्हर, दॅट अ न्यू वन विल सॉल्व्ह द प्रॉब्लेम.’ अहवाल वाचून झालाय, म्हणजे युक्तिवाद ऐकून झालाय, म्हणून इथे ‘स्केप्टिकल’पेक्षा हा शब्द चपखल. पूर्ण विधान येतंय म्हणून ‘दॅट’. ‘हाउएव्हर’ मध्ये आला की त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, एका बाजूचा विसरला तर वाक्य लंगडतं.

त्यामागोमाग कारण, ज्यावर बोट ठेवता येईल असं: ‘द टेस्ट ऑन पेज फोर रॅन फॉर ओन्ली टू डेज.’ इथे विशेषणं नकोत. ‘व्हेरी शॉर्ट टेस्ट’पेक्षा ‘टू डेज’ बोलकं आहे, आणि त्यावर वाद घालायचा तर समोरच्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

शेवटी, काय दाखवलं तर मत बदलेल: ‘इफ यू कॅन रिपीट इट ओव्हर अ फुल मंथ, आय विल ग्लॅडली लुक अगेन.’ हे वाक्य नसेल तर ‘रिमेन अनकन्व्हिन्स्ड’ हा बंद दरवाजा होतो. मत बदलणारच नसेल तर मात्र हे वाक्य खोटं लिहू नका. महिनाभर चाचणी करून माणूस परत येतो, आणि मग नाही म्हणणं जास्त जड जातं.

सगळं जोडून पाच छोटी वाक्यं होतात. वाचायला अर्धं मिनिट.

हेच उत्तर मित्राला गप्पांच्या ओघात लिहायचं असेल तर ‘आय ॲम नॉट सोल्ड ऑन द न्यू सर्व्हर’ पुरे. ‘आय ॲम नॉट बाइंग इट’ हे त्याहून अनौपचारिक, आणि त्यात ‘थापा मारू नकोस’ असा सूर आहे, तेव्हा बहाण्यांसाठीच राखून ठेवा. दुसऱ्या टोकाला ‘अनपर्स्वेडेड’ आहे. अमेरिकी न्यायालयांच्या निकालपत्रांत तो नेहमी भेटतो, साध्या मेलमध्ये झगा घालून आल्यासारखा दिसतो. ‘कन्व्हिन्स’ मत पटण्यासाठी आणि ‘पर्स्वेड’ काही करायला राजी होण्यासाठी, हा जुना भेद आता बराच पुसट झालाय, पण लिहिताना ‘कन्व्हिन्स दॅट’ आणि ‘पर्स्वेड टु’ या जोड्या धरून राहिलं की कुणी बोट ठेवत नाही.

दुसऱ्या कुणाची साशंकता सांगत असाल तर ती कुणाची, हे लिहा. ‘मेनी रिमेन अनकन्व्हिन्स्ड’मध्ये हे ‘मेनी’ बहुतेकदा लिहिणारा एकटाच असतो.

आणि महिनाभराच्या चाचणीनंतर खरंच पटलं तर तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावं. ‘ओके, कन्व्हिन्स्ड’ एवढ्यावर सोडून देऊ नये. ‘आय वॉज स्केप्टिकल ॲट फर्स्ट, बट द सेकंड टेस्ट कन्व्हिन्स्ड मी.’ साधा भूतकाळ पुरतो, ‘हॅड बीन’ची गरज नाही. ‘अनकन्व्हिन्स्ड’ऐवजी इथे ‘स्केप्टिकल’ घ्यावा, म्हणजे ‘कन्व्हिन्स’ एकाच वाक्यात दोनदा येत नाही. आणि कशामुळे पटलं ते नाव घेऊन सांगावं, कारण पुढच्या वेळी समोरचा पहिल्याच दिवशी महिनाभराचे आकडे घेऊन येईल.